बोर्ड, पाट आणि मणे

इंग्रजीतले काही शब्द आपल्या घरात इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले हे सांगितलं तरी पटत नाही. कप, पेन, बस, तिकीट ही अशीच मंडळी. यांनी आपले विभक्तिप्रत्यय घेतले, आपलं लिंग-वचन घेतलं आणि गुपचूप संसाराला लागली. पण यांतही 'बोर्ड' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. बाकीचे शब्द एकेक काम करतात. कप चहापुरता, पेन लिहिण्यापुरतं. बोर्ड मात्र स्वयंपाकघरापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे हजर असतो. आणि आपल्या या सीमाभागात तर त्याच्यावाचून पान हलत नाही.

मी ३४ वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. नववीच्या वर्गाला दर वर्षी एक घरचा अभ्यास द्यायचो. एक शब्द द्यायचा आणि तो घरात, गल्लीत कुठे कुठे ऐकू येतो ते वहीत टिपून आणायला सांगायचं. 'बोर्ड' दिला की वह्या भरून यायच्या. भिंतीवरचा स्विचबोर्ड. पोरांचा कॅरम बोर्ड. बाइंडिंगचा बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा. दुकानाचा बोर्ड, बसचा बोर्ड, शाळेतला नोटीस बोर्ड. थोरल्या भावाचं 'यंदा बोर्ड आहे' म्हणून घरातला टी.व्ही. बंद. जमिनीच्या भांडणापायी वकिलाकडे खेटे घालणाऱ्या आजोबांची केस 'बोर्डावर' आलेली. कँपातल्या मुलांचं कँटोन्मेंट बोर्ड. एका मुलीने नुसतं एवढंच लिहिलं होतं, 'माझा मामा बोर्डात आहे.' मामा वायरमन होता. वीज देणारं ते बोर्ड, दुसरं कुठलं असणार?

या वह्यांतूनच मला एक गंमत कळली. ज्या बोर्डाला हात लावता येतो तो पुल्लिंगी. बोर्ड पडला, बोर्ड पुसला. ज्याला हात लावता येत नाही ते नपुंसकलिंगी. आमचं बोर्ड कडक आहे, यंदा बोर्ड लवकर निकाल लावणार असं म्हणतं. हे व्याकरण कुणी शिकवलं नव्हतं. मुलांनी आपल्या कानांनीच ठरवून टाकलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी मी त्यांना शब्दाचं मूळ सांगायचो. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. कापून सपाट केलेलं लाकूड, दुसरं काही नाही. मध्ययुगात तिकडे मोठमोठ्या वाड्यांतही जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसे. लाकडी तिवयांवर लांब फळी टाकायची, तिच्याभोवती बाकांवर बसून जेवायचं आणि जेवणं आटोपली की फळी उचलून बाजूला ठेवायची. त्यामुळे फळी म्हणजेच जेवणाची जागा झाली, आणि पुढे जागेचं नाव जेवणालाच पडलं. पैसे देऊन दुसऱ्याकडे जेवणारा तो 'बोर्डर'. जेवणासह राहण्याची सोय ते 'बोर्डिंग'. बसस्टँडसमोर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' असं लिहिलेलं असतं, त्यातलं बोर्डिंग म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे मुक्काम, हे सांगितलं की वर्गातली निम्मी पोरं चकित व्हायची. त्यांना वाटायचं, दोन्हींचा अर्थ खोलीच.

त्याच फळीभोवती मग जेवण नसतानाही माणसं बसू लागली. हिशेब तपासायला, कारभार ठरवायला. फळीचं नाव त्या माणसांना पडलं आणि बोर्ड म्हणजे मंडळ झालं. कप मांडून ठेवायची फळी ती 'कपबोर्ड'. तिला पुढे दारं बसली, कप गेले, कपडे आले आणि इंग्रजांच्या उच्चारातून त्यातला 'प'सुद्धा गेला. पत्ते खेळताना हात फळीच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले म्हणजे लबाडी नाही. म्हणून सरळ व्यवहाराला इंग्रज माणूस 'फळीच्या वरचा' व्यवहार म्हणतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. पण या शब्दाला एक जुळा भाऊही आहे. जुन्या इंग्रजीतच 'बोर्ड' असा आणखी एक शब्द होता आणि त्याचा अर्थ कड, काठ, जहाजाची बाजू. दोघांचा चेहरा एकच, त्यामुळे दोघे एकमेकांत मिसळून गेले. जहाजाच्या उजव्या अंगाला सुकाणूचं वल्हं असे, म्हणून ती बाजू 'स्टारबोर्ड'. डावी 'लारबोर्ड'. वादळात ओरडून हुकूम द्यायचा तर ही दोन नावं सारखीच ऐकू येत. शेवटी १८४४ साली ब्रिटिश आरमाराने डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणावं असा हुकूम काढला. जहाजाच्या बाजूला भिडून वर चढायचं, तेही 'बोर्ड' करणं. आणि या काठवाल्या भावाच्या कुळात, फ्रेंचांकडून फिरून आलेला, आणखी एक शब्द आहे. तो आपल्या ओळखीचा आहे. बॉर्डर.

म्हणजे ज्या फळीभोवती माणसं जेवायला बसतात ती, आणि ज्या रेषेवरून माणसं भांडतात ती, इंग्रजीत एकाच तोंडवळ्याची. ज्याने सगळा जन्म सीमाभागात काढला त्याच्या हे एकदा कानावर पडलं की डोक्यातून जात नाही.

आमच्या घरात तर या दोन्ही भावांनी हजेरी लावली आहे. माझे वडील शिकले ते कोल्हापूरच्या एका बोर्डिंगात. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग कोल्हापुरात जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं अशी बोर्डिंगं उभी राहत गेली. शाळेची फी माफ झाली तरी खेड्यातलं पोर शहरात जेवणार कुठे, ही अडचण महाराजांनी ओळखली होती. पुढे १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांच्या पोटाला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वडील बोर्डिंगाच्या गोष्टी सांगायचे त्यात अभ्यास फारसा नसायचा. दोन भाकऱ्या, आमटीत डाळ शोधावी लागायची, आणि सुट्टीवरून येणारा मुलगा डब्यातून चटणी आणायचा तेव्हा ती अख्ख्या पंगतीला बोटबोट वाटायची. बोर्डिंग या शब्दाचा मूळ अर्थ त्यांनी शब्दकोशात कधी पाहिला नाही. त्यांना त्याची गरज नव्हती.

गेल्या वर्षी माझा थोरला नातू सांबऱ्याच्या विमानतळावरून नोकरीच्या गावी गेला. आत जाताना त्याने फोनवर कळवलं, 'आजोबा, बोर्डिंग झालं.' मला वडिलांची पत्र्याची ट्रंक आठवली. शब्द एकच. पण वडिलांचं बोर्डिंग फळीच्या घराण्यातलं आणि नातवाचं काठाच्या.

मधल्या काळात कारभाराचं बोर्ड आलं, त्याचीही गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. आमच्या आजोबांच्या तोंडी 'लोकल बोर्ड' हा शब्द सारखा असायचा. लोकल बोर्डाचा रस्ता, लोकल बोर्डाचा दवाखाना, लोकल बोर्डाची विहीर. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून ही स्थानिक कारभाराची बोर्डं वाढत गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि बोर्डंही वेगळी झाली. तिकडे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. इकडे १९५९ च्या कायद्याने तालुका बोर्डं आली. मुलांच्या दहावीचं बोर्ड निराळं, विजेचं निराळं. विजेची बोर्डं तर आता दोन्हीकडे उरली नाहीत. कर्नाटकात १९९९ साली बोर्डाची कंपनी झाली आणि २००२ मध्ये आपल्या भागाला हेस्कॉम आली. महाराष्ट्राच्या वीज मंडळाच्या कंपन्या २००५ मध्ये झाल्या. तरी लाईट गेली की इकडचा माणूस अजून 'केईबी'ला फोन लावतो आणि तिकडचा 'एमएसईबी'ला. बोर्ड गेलं, नाव राहिलं.

आता हे सगळं इंग्रजांनाच सुचलं असं समजायचं कारण नाही. आपल्या पाटानेही हाच प्रवास केला आहे. संस्कृतात 'पट्ट' म्हणजे सपाट तुकडा, फळी. तिच्यावर राजा बसला की तेच सिंहासन, आणि त्याची राणी पट्टराणी. दानाची अक्षरं तांब्यावर कोरली की ताम्रपट. मराठीत आपण बसतो तो पाट, पोळी लाटतो तो पोळपाट, मूल अक्षरं गिरवतं ती पाटी आणि दुकानावर नाव लिहून लावतो तीही पाटीच. पूर्वी विधवेचं पुन्हा लग्न झालं तर तिने 'पाट लावला' म्हणत. फळीवरून जेवण, फळीवरून अक्षर, फळीवरून संसार आणि फळीवरून राज्य. वळणं तीच.

आणि आमच्या घरात या पाटाला तिसरं नाव होतं. आईचं माहेर बैलहोंगलकडचं, भाषा कन्नड. ती या घरात आली तेव्हा तिला मराठी समजायचं, पण बोलता येत नव्हतं आणि देवनागरी वाचताही येत नव्हतं. बोलणं वर्षभरात आलं, वाचणं हळूहळू आलं. पण पाटाला ती शेवटपर्यंत 'मणे' म्हणाली. कन्नडात 'मने' म्हणजे घर आणि 'मणे' म्हणजे पाट. 'न' आणि 'ण' एवढाच फरक. आम्ही भावंडं मुद्दाम उलटं बोलून तिला चिडवायचो. 'अव्वा, आता आम्ही मणेत जातो, तू मने मांड.' ती लाटणं उगारायची.

तिच्या भाषेत ही मणे कुठे नव्हती? भाजी चिरायची विळी ती ईळिगे मणे. पोळपाट ती चपाती मणे. पावसाळ्यात दुपारी चिंचोके घालून खेळायचं १४ खळग्यांचं लाकूड ती अळगुळी मणे. लग्नात नवरानवरी बसतात ती हसेमणे, आणि कुणाचं लग्न ठरलं की कन्नड वर्तमानपत्र अजूनही लिहितं, अमका हसेमणे चढणार. एखाद्याला मान दिला तर त्याला 'मणे घातली' असं म्हणतात. आईकडे कुणी आलं की ती आधी मणे घालायची, मग विचारायची कोण, कुठले. तो क्रम तिने कधी बदलला नाही.

वडिलांनी १९५८ साली वह्या-पुस्तकांचं आणि बाइंडिंगचं दुकान काढलं. दुकानावर लावायला सागवानी फळी केली, सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत नाव. वरची ओळ देवनागरीत, खाली थोड्या लहान अक्षरांत तेच नाव कन्नडात. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. वडील म्हणायचे, बाजाराच्या दिवशी खेड्यातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचता यावं म्हणून केलं. आई म्हणायची, ते नंतरचं, आधी मला वाचता यावं म्हणून केलं. या मुद्द्यावर दोघांनीही आपली बाजू शेवटपर्यंत सोडली नाही.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन झालं. गोळीबार झाला, माणसं गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचे नाहीत. पुढच्या वर्षा-दीड वर्षात आमच्या फळीला दोनदा डांबर लागलं. एकदा वरच्या ओळीला, एकदा खालच्या. दोन्ही वेळा रात्रीच. कुणी लावलं हे वडिलांनी कुणाला विचारलं नाही आणि आम्हालाही विचारू दिलं नाही. दोन्ही वेळा आई रॉकेलचा बोळा घेऊन शिडीवर चढली आणि वडील खाली शिडी धरून उभे राहिले. रस्त्यावरून जाणारे बघत होते. कुणी थांबलं नाही, कुणी हसलंही नाही. पहिल्या खेपेला तिने मराठी अक्षरं मोकळी केली, दुसऱ्या खेपेला कन्नड. रॉकेलने डांबर निघालं, पण त्याबरोबर रंगही निघाला आणि दोन्ही ओळी सारख्याच फिक्या झाल्या.

मग वडिलांनी ती फळी उतरवली आणि पत्र्याचा नवा बोर्ड करून घेतला. सागवान टाकवत नव्हतं. आईने सुताराकडून फळीला रंधा मारून घेतला आणि तिच्यावर शेवया वळू लागली. एका फळीचा आधी बोर्ड झाला आणि मग त्याची पुन्हा मणे झाली. त्यावर कुणी काही बोललं नाही. शेवया मात्र दर उन्हाळ्यात झाल्या.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हमखास विचारतात, 'एका पाटीचं काय एवढं घेऊन बसता तुम्ही लोक?' त्यांचंही बरोबर असेल. पाटी म्हणजे जागा सापडण्यापुरती गोष्ट, असं ज्याच्या अवतीभवती सगळंच आपल्या लिपीत आहे त्याला वाटणारच. पण जमिनीचा उतारा, नळाची पावती, कचेरीतली नोटीस यांतलं काहीच ज्याच्या लिपीत येत नाही, त्याला डोक्यावरची ती फळी हीच आपली अक्षरं उन्हात ठेवायची जागा राहते. येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक २०१४ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशावरून काढला गेला, त्यावरून गावात लाठ्या चालल्या, तेव्हा ते भांडण लाकडा-लोखंडाचं नव्हतं. आणि न्यायाने बोलायचं तर हेही सांगितलं पाहिजे की बंगळूरच्या रस्त्यात इंग्रजी बोर्डांच्या गर्दीत आपली अक्षरं शोधत चालणाऱ्या कन्नड माणसालाही असंच काहीतरी वाटत असणार. आई असती तर तिने हे माझ्याआधी सांगितलं असतं.

दुकान आता पुतण्याकडे आहे. २०२४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती केली आणि फलकाचा ६० टक्के भाग कन्नडात असावा असं ठरलं. तिकडे महाराष्ट्रानेही २०२२ साली सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, असंही त्यात आहे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ च्या सप्टेंबरात न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे अक्षराला टेप लावायचं काम आता सीमेच्या दोन्ही अंगांना चालतं. कागलला एक माप, निपाणीला दुसरं.

पुतण्याने नवा बोर्ड करायला घेतला तेव्हा मी सहज जाऊन बसलो होतो. गल्लीतला जुना पेंटरही आला होता. मराठी, कन्नड आणि इंग्रजी ही तिन्ही अक्षरं सारख्याच वळणाने काढणारा हा माणूस. आता काम मुलगा बघतो, तेही कॉम्प्युटरवर. पुतण्या कागदावर टक्के मांडत होता. म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, 'काय ओ मास्तर, अक्षर ल्हान-मोठं कसंबी करायला येतंय. फळी कुठनं वाढवायची?'

मला त्या वेळी दुसरीच गोष्ट आठवत होती. आपल्याकडचं निवेदन असतं तेव्हा त्यात लिहिलेलं असतं, 'नामफलक मराठीत हवा.' पलीकडच्यांचं असतं तेव्हा त्यात लिहिलेलं असतं, 'नामफलक कन्नडात हवा.' नामफलक हा शब्द दोन्हींत तोच, जसाच्या तसा. फलक म्हणजे पुन्हा फळीच. त्याच कुळातले आपले फळा आणि फळी, आणि त्याच कुळातलं कन्नडातलं 'हलगे'. जुन्या कन्नडातल्या 'प'चा पुढे 'ह' झाला, तसं पलगेचं हलगे झालं. तिकडे फळीलाही हलगे म्हणतात आणि कडं वाजवतात त्यालाही हलगे. आपल्या जत्रेत कडकडते ती हलगी. दोन भाषा एका वस्तूवरून भांडतात आणि त्या वस्तूचं नावसुद्धा त्यांना वेगवेगळं सापडत नाही.

मोठं भांडण अर्थात दिल्लीला आहे. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यालाही २० वर्षं उलटून गेली. अधूनमधून बातमी येते की सीमाप्रश्न 'बोर्डावर' येणार. आमच्या शेजारचे एक गृहस्थ ती बातमी कापून वहीत चिकटवायचे. ते गेले. वही त्यांच्या मुलाने ठेवली आहे, पुढची पानं कोरी आहेत. बॉर्डरची केस बोर्डावर, हा जुळ्या भावांचा योग इंग्रजीच्या कोणत्या शब्दकोशात मिळेल? तो इथेच मिळायचा.

घरात मात्र आता फळ्यांची गरज कमी झाली आहे. आम्ही टेबलावर जेवतो. पाट माळ्यावर असतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे आंघोळीला एक खाली येतो आणि भाऊबीजेला सगळेच उतरवावे लागतात, कारण त्या दिवशी गडहिंग्लजहून माझी बहीण येते. लहानपणी आमच्याबरोबर अळगुळी मणे खेळलेली बहीण आज दुसऱ्या राज्यातली पाहुणी. आमच्या पुतण्याची बायको धारवाडची. ती आली तसा आईबरोबर गेलेला 'मणे' हा शब्द घरात परत आला. सासू म्हणते पाट घाला, सून म्हणते मणे घातली, आणि ओवाळणी वेळेवर होते.

पुतण्याचा धाकटा चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. गेल्या भाऊबीजेला माळ्यावरचे पाट उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. दोन्ही हातांत एक पाट धरून तो दारात उभा राहिला आणि मला विचारू लागला, 'आजोबा, हा बोर्ड कुठे ठेवू?' स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. आई म्हणाली, अरे मणे म्हण. आजी म्हणाली, पाट म्हण. पोरगं गोंधळून माझ्याकडे बघत राहिलं. त्याने शब्द अगदी मूळ अर्थाने वापरला होता, पण चौथीतल्या मुलाला ते सांगून काय होणार? मी म्हटलं, 'ठेव तिथेच, भिंतीपासून जरा पुढे. रांगोळीला जागा हवी. आणि अजून पाच आण. नाही, सहा आण. आत्याची सून यंदा पहिल्यांदाच यायची आहे.'